पर्यावरण शिक्षण : वर्गातून बावखलाकाठी

शाळेत शिकविल्या जाणाऱ्या बहुतेक विषयांची साधने वर्गाच्या चार भिंतींत मावतात. गणिताला फळा पुरतो, भाषेला पुस्तक पुरते, इतिहासाला नकाशाचा आणि सनावळीचा आधार मिळतो. पर्यावरण हा विषय मात्र शाळेच्या कुंपणापलीकडे सुरू होतो. विहीर, ओढा, शेत, डोंगर, खाडी आणि माणसांची वस्ती ही त्याची खरी साधने होत. ती वर्गात आणता येत नाहीत. विद्यार्थ्यांनाच त्यांच्यापर्यंत न्यावे लागते. त्यामुळे हा विषय अभ्यासक्रमात समाविष्ट करणे जितके सोपे ठरले, तितकेच तो प्रत्यक्ष शिकविणे अवघड ठरले आहे.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा भाग या अडचणींचा विचार करण्यास विशेष उपयुक्त आहे. डोंगर, वन, नदी, खाडी, मिठागर, बागायत आणि समुद्रकिनारा हे सारे एकाच तालुक्यात आढळते. त्याच वेळी हा परिसर अत्यंत वेगाने बदलणाऱ्या भागांपैकी एक आहे. चार नगरपालिका आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक होती. आजोबांनी ज्या तळ्यात पोहायला शिकले, त्याचे नावही नातवाला ठाऊक नसावे, अशी स्थिती अनेक गावांत आहे. अशा ठिकाणी पर्यावरणाचा पाठ शिकविणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न शिक्षकापुरता राहत नाही. तो पंचायत सदस्याचा आणि अधिकाऱ्याचाही प्रश्न होतो.

विषयाची वाटचाल

मानवी पर्यावरणाविषयीची संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरली. त्यानंतर ऑक्टोबर १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे केवळ पर्यावरण शिक्षणाचा विचार करण्यासाठी परिषद झाली. जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग अशी या शिक्षणाची पाच उद्दिष्टे तेथे मांडण्यात आली. शाळेच्या परीक्षेत यांपैकी फक्त दुसऱ्याचे, म्हणजे ज्ञानाचे, मोजमाप सहज करता येते, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवणे इष्ट होय.

भारतात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या जाणिवेला शिक्षणाच्या सर्व स्तरांवर स्थान दिले. महेश चंद्र मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय सक्तीने शिकविण्याचा निर्देश दिला. त्याची अंमलबजावणी समाधानकारक नसल्याचे दिसून आल्यावर डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा आदेश दिले. निर्देश आणि अंमलबजावणी यांमध्ये एक तप लोटावे, यावरूनच या विषयाची अवघड जागा कोठे आहे, हे कळून येते.

महाराष्ट्रात प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ या नावाने हा विषय रुजला. ‘परिसर’ हा शब्द अतिशय समर्पक आहे. भोवताली जे पसरलेले आहे ते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. तिसरीच्या वर्गासाठी जिल्हावार पुस्तके काढण्यामागेही हाच विचार होता. पुढे माध्यमिक स्तरावर जलसुरक्षा आणि उच्च माध्यमिक स्तरावर पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयांची पुस्तके बालभारतीने तयार केली. तात्पर्य, पुस्तकांचा तुटवडा ही आजची मुख्य अडचण नाही.

वसईचा परिसर

अडचणींकडे वळण्यापूर्वी ज्या भूमीवर हा विषय शिकवायचा, तिची रचना समजून घेणे आवश्यक आहे. पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग असून तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. उत्तरेस वैतरणा नदी आणि दक्षिणेस वसईची खाडी आहे. डोंगरावरून उतरणारे ओढे मधल्या सखल, खारट पट्ट्यातून खाडीकडे जातात. लोहमार्गही याच सखल पट्ट्यातून दक्षिणोत्तर गेला आहे. पश्चिमेस समुद्रालगत वालुकामय जमिनीची थोडी उंच पट्टी असून निर्मळ, गिरीज, भुईगाव, नंदाखाल, आगाशी ही बागायती गावे तिच्यावर वसली आहेत. केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला यांसाठी हा भाग प्रसिद्ध झाला. आगाशीची सुकेळी अजूनही नावाजली जातात.

या बागायतीचा आधार म्हणजे गोडे पाणी, आणि त्या पाण्याची कथा हा वसईतील पर्यावरणाचा सर्वांत महत्त्वाचा पाठ आहे. समुद्रकाठच्या वाळूत पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते. या दोहोंच्या तोलाचा एक ढोबळ नियम आहे. समुद्राच्या पातळीहून गोड्या पाण्याची उंची १ मीटर असेल, तर पातळीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकू शकते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. विहिरीतील गोड्या पाण्याची पातळी उपशामुळे एका मीटरने खाली गेली, तर खारे पाणी अनेक मीटर वर सरकण्याची वाट मोकळी होते. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे लागतात.

पूर्वजांना हा नियम सूत्ररूपाने ठाऊक नसेल. परंतु त्यांनी त्यावर तोड काढली होती. वाड्यांच्या मधोमध आणि घरांच्या मागे त्यांनी लहान लहान तळी खोदली. त्यांना वसईत ‘बावखल’ म्हणतात. पावसाळ्यात बावखल भरते, आजूबाजूच्या वाळूत पाणी झिरपू लागते आणि जवळच्या विहिरींची पातळी टिकून राहते. शिंपणाला पाणी मिळते, गुरांची सोय होते. मुसळधार पावसात वाहून येणारे पाणी सामावून घेऊन बावखल वस्तीवरचा भारही हलका करते. साठवण, पुनर्भरण आणि पूरनियंत्रण ही तीन कामे एका साध्या खड्ड्याने होत असत. बागायत मागे पडली, जमिनीचे भाव वाढले, तशी ही तळी निरुपयोगी वाटू लागली. काही कचऱ्याने भरली, काही भरावाखाली गेली.

विषय सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही

या विषयाची पहिली अडचण शाळेच्या वेळापत्रकात आहे. पर्यावरण हा विषय विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र, गणित आणि भाषा या साऱ्यांत विखुरलेला आहे. तो सर्व विषयांत मिसळून शिकवावा, असे एक मत आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने याच मताला पाठिंबा दिला. त्यासाठी स्वतंत्र तास आणि स्वतंत्र पुस्तक असावे, असे दुसरे मत आहे. पहिल्या पद्धतीत तो कोणाच्याच जबाबदारीचा राहत नाही; दुसऱ्या पद्धतीत ज्या शिक्षकाकडे तासांची संख्या कमी भरते, त्याच्याकडे तो सोपविला जातो. नववी-दहावीत जलसुरक्षेला गुणांऐवजी श्रेणी असल्याने पालक आणि विद्यार्थी या दोघांचेही लक्ष गुणांच्या विषयांकडे अधिक राहते.

शिक्षकाची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. भाषेचा पदवीधर शिक्षक भूजलाचा पाठ शिकविताना बिचकतो. विज्ञानाच्या शिक्षकाला ओहोटीचे तंत्र सांगता येते. परंतु भुईगावच्या किनाऱ्यावर कोणत्या महिन्यात वाळू कोणत्या बाजूस सरकते, हे त्याला ठाऊक नसते. अनेक शिक्षक दूरच्या जिल्ह्यांतून बदलीने आलेले असतात. ज्यांना हे सारे ठाऊक आहे ते वाडीतले शेतकरी, खाडीतले कोळी, पूर्वेच्या पाड्यांतले वारली आणि काही जुन्या गृहिणी यांचा शाळेशी संबंध पालकसभेपुरताच येतो. ज्ञान एकीकडे आणि शिकविण्याचा अधिकार दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे.

कुंपणाबाहेर पडताना

दुसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात पन्नास-साठ मुलांना घेऊन बाहेर जायचे, पाहायचे, नोंदवायचे आणि परत यायचे, हे बहुतेक शाळांना शक्य होत नाही. रस्त्यावर वाहनांची वर्दळ असते. विहिरीला आणि बावखलाला कठडा असतोच असे नाही. अपघात झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, या विचाराने मुख्याध्यापक परवानगी देण्यास कचरतात आणि त्यांना दोष देता येत नाही. परिणामी सहल वर्षातून एकदा निघते, तीही बहुधा दूरच्या प्रेक्षणीय स्थळी. शाळेच्या मागच्या गल्लीतला ओढा मात्र वर्षभर न पाहिलेला राहतो.

यावर उपाय असा की, दूर जाण्याची गरजच कमी करावी. शाळेचे छप्पर, आवारातील झाड, गटाराचे तोंड, पाण्याची टाकी यांपासून आरंभ करता येतो. गणिताचे एक साधे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. वसई परिसरात पावसाळ्यात साधारणपणे २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटर असेल, तर त्यावर ४,००,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ३,२०,००० लिटर उरते. १०,००० लिटरच्या टँकरने मोजले, तर हे ३२ टँकर पाणी होते. ज्या वस्तीत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलाला हे उत्तर काढल्यावर वेगळे प्रवचन देण्याची गरज राहत नाही.

शब्दांचे अंतर

तिसरी अडचण भाषेची आहे. पाठ्यपुस्तकात ‘भूजल पुनर्भरण’, ‘परिसंस्था’, ‘जैवविविधता’ असे शब्द येतात. ते अचूक आहेत आणि शिकले पाहिजेत. परंतु सामवेदी किंवा वाडवळी बोली बोलणाऱ्या घरातील मुलाच्या तोंडी बावखल, रहाट, झरा, खाजण, तिवर हे शब्द आधीपासून असतात. पुस्तकी शब्द या घरगुती शब्दांवर बसविला नाही, तर मूल दोन्हीकडून तुटते. व्याख्या पाठ होते. परंतु ती आपल्या परसातल्या वस्तूची आहे, हे उमगत नाही. पूर्वेच्या पाड्यावरील मुलाला रानातील कित्येक झाडे, त्यांचे उपयोग आणि त्यांचे हंगाम ठाऊक असतात. त्याच मुलाला ‘वनांचे महत्त्व’ या प्रश्नाला तीन गुणही मिळत नाहीत, असे घडते. येथे उणीव मुलात नसून प्रश्नात आहे.

नालासोपारा, विरार आणि वसई रोड परिसरातील शाळांत ही अडचण आणखी एका रूपाने येते. तेथे राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आणि इतर राज्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले एकत्र बसतात. त्यांच्या दृष्टीने वसई हे राहण्याचे ठिकाण आहे, पण गाव दुसरीकडेच असते. या मुलांना परिसराविषयी आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांच्या गावी पाणी आडाचे होते की कालव्याचे, हातपंपाचे की नदीचे, हे वर्गात विचारले, तर एकाच वर्गात निम्म्या भारताची जलव्यवस्था उभी राहते. त्या तुलनेतून येथील गोड्या पाण्याचा नाजूक तोल अधिक लवकर समजतो. आपल्या गावाचे ज्ञान शाळेत मानले जाते, असा अनुभव आलेले मूल नव्या गावालाही आपले मानू लागते.

अप्रिय सत्याचा पाठ

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी प्रशिक्षणाने, वेळापत्रकाने आणि थोड्या निधीने दूर होऊ शकतील. चौथी अडचण तशी नाही. पर्यावरणाचा पाठ प्रामाणिकपणे शिकवू लागताच तो मोठ्या माणसांच्या व्यवहारापर्यंत पोहोचतो. शिक्षकाच्या समोर बसलेल्या एखाद्या मुलाचे घर भरावाच्या जमिनीवर उभे असते. दुसऱ्याचे वडील बांधकामावर काम करतात, तिसऱ्याच्या कुटुंबाने वाडी विकून मुलांच्या शिक्षणाची सोय केलेली असते. ‘तळी बुजविणे वाईट’ असे वाक्य उच्चारणे सोपे आहे. परंतु ते ऐकताना या मुलांच्या मनात काय उमटेल, याचा विचार शिक्षकाला करावा लागतो.

जुलै २०१८ मधील पूर हा याच प्रकारचा पाठ आहे. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झालेल्या अतिवृष्टीने वसई, नालासोपारा आणि विरार यांचे मोठे भाग जलमय झाले. लोहमार्गावर पाणी आल्याने गाड्या थांबल्या, अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा खंडित झाला, मिठागरांत राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. पुराच्या कारणांचा अभ्यास पुढे निरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांकडे सोपविण्यात आला. त्या वर्षी जी मुले प्राथमिक शाळेत होती, त्यांनी हा पूर डोळ्यांनी पाहिला आहे. तो पुस्तकात नाही, म्हणून वर्गातही नाही, असे होता कामा नये.

अशा विषयाला हात घालताना आरंभी ‘कोणी केले’ हा प्रश्न न घेता ‘पाणी कोठून आले आणि त्याला कोठे जायचे होते’ हा प्रश्न घ्यावा. तुंगारेश्वरच्या उतारापासून खाडीपर्यंतचा मार्ग मुलांनी नकाशावर रेखाटावा. वाटेतले रस्ते, लोहमार्ग, नाले, मोऱ्या आणि भराव दाखवावेत. भरतीच्या वेळी खाडीचे तोंड पाणी घेत नाही, हे समजावून घ्यावे. मग घराघरांतील भिंतींवर पाण्याची खूण कोठवर होती, हे विचारून त्याची नोंद करावी. इतके झाल्यावर मुले स्वतःच पुढचे प्रश्न विचारू लागतात. वरच्या वर्गांत किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम, विकास आराखडा आणि तिवरांच्या संरक्षणाविषयी मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेला निकाल यांचीही चर्चा करता येईल. दोषारोपाने मूल घराविरुद्ध उभे राहते किंवा शाळेवर अविश्वास दाखविते. नोंदी आणि नकाशा यांमुळे ते विचार करू लागते. सत्य लपविणे हा मात्र पर्याय नव्हे. ज्या पाठात पुराचे कारणच सांगितले जात नाही, तो पाठ मुलांना लवकरच खोटा वाटू लागतो.

वसईला सार्वजनिक पातळीवर असा पाठ गिरविण्याची परंपरा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हरित पट्ट्याच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. विहिरींचा उपसा, टँकरने होणारी पाण्याची विक्री आणि शेतजमिनींचे नागरीकरण यांची चर्चा गावोगावच्या सभांतून झाली. १९९० मध्ये सिडकोकडे या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम आले. त्या काळात ‘हरित पट्टा’ आणि ‘आराखडा’ हे शब्द सामान्य शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. त्या चळवळीविषयी मते भिन्न असू शकतील. परंतु एका पिढीने नियोजनाची परिभाषा सभेत बसून आत्मसात केली, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे. २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये निवर्तले.

मोजमाप कशाचे?

पाचवी अडचण मूल्यमापनाची आहे. शाळांत पर्यावरण दिन साजरा होतो, घोषवाक्यांची स्पर्धा होते, रोपे लावली जातात, छायाचित्रे काढली जातात. राष्ट्रीय हरित सेनेसारख्या योजनांनी आणि २०२० पासून राज्यात सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने या कामाला चालना दिली, हे निश्चित. तथापि लावलेल्या रोपांची संख्या अहवालात येते, तिसऱ्या उन्हाळ्यात जगलेल्या रोपांची येत नाही. जे सहज मोजता येते तेच मोजले गेले, म्हणजे कार्यक्रम वाढतात आणि शिक्षण मागे पडते. एका वर्गाने एका झाडाची पाच वर्षे ठेवलेली नोंदवही ही शंभर घोषवाक्यांपेक्षा अधिक विश्वसनीय कसोटी होय.

कोसबाडचा वारसा

या साऱ्या अडचणींना तोंड देण्याचा एक थोर प्रयोग पालघर जिल्ह्याच्याच भूमीवर झाला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वाढले. आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच या दोघींनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ ती हीच. शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, माती ही तेथली शैक्षणिक साधने होती. त्यांना खर्च पडत नव्हता आणि ती मुलांच्या ओळखीची होती. ‘पर्यावरण शिक्षण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी परिसर हेच पाठ्यपुस्तक मानण्याची ही रीत येथे रुजली होती. वसईच्या शिक्षकाला दूरच्या देशातील प्रयोगांकडे पाहण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील हा ठेवा अभ्यासता येईल.

एका बावखलाचे वर्ष

कोसबाडची रीत आजच्या वसईत कशी आणता येईल, याचा एक नमुना म्हणून एका बावखलाचा वर्षभराचा अभ्यास सुचविता येतो. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. एक नोंदवही, गाठी मारलेला दोर आणि सरळ बाजूंची बाटली एवढे साहित्य पुरते.

जूनमध्ये बाटलीचे पर्जन्यमापक करून शाळेच्या आवारात रोजचा पाऊस मोजावा. जुलै-ऑगस्टमध्ये बावखल कोणत्या दिवशी भरले आणि काठावरून पाणी कोणत्या दिशेने वाहिले, हे नोंदवावे. ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या ठराविक दिवशी दोन विहिरींची पातळी मोजावी. एक बावखलाजवळची, दुसरी त्यापासून दूरची. दोर सोडण्याचे काम शिक्षकाने किंवा शेतकऱ्याने करावे. मुलांनी सुरक्षित अंतरावर राहून आकडे लिहावेत आणि वर्गात आलेख काढावा. डिसेंबर-जानेवारीत पक्षी, मासे, बेडूक, चतुर, काठावरची झाडे यांची यादी बोलीतील आणि पुस्तकी अशा दोन्ही नावांनी करावी. एप्रिल-मेमध्ये दोन्ही विहिरींचे समान पाणी दोन स्टीलच्या ताटल्यांत घेऊन उन्हात सुकवावे आणि मागे उरलेल्या पांढऱ्या क्षाराची तुलना करावी. मिठाच्या रंगीत पाण्यावर चमच्याच्या आधाराने हळुवारपणे साधे पाणी सोडले, म्हणजे गोडे पाणी खाऱ्यावर कसे तरंगते, हेही वर्गात दाखविता येते.

खाडीलगतच्या शाळांना हाच अभ्यास तिवराच्या बनात करता येईल. तिवराच्या पानावर बोट फिरविले असता मिठाचे कण लागतात आणि चिखलातून वर आलेल्या त्याच्या श्वासमुळांचे प्रयोजन मुलांना विचार करून सांगता येते. जेथे ना बावखल उरले आहे ना तिवर, तेथे वृद्धांना विचारून जुन्या पाणवठ्यांचा नकाशा तयार करावा. सोपारा हे एके काळी भरभराटीचे बंदर होते आणि तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, हे इतिहासात शिकविले जाते. ज्या गावी गलबते येत होती, तेथे आज खाडीचे पाणी का पोहोचत नाही, हा प्रश्न विचारला, की इतिहासाच्या तासालाही पर्यावरणाचा पाठ होतो.

पंचायतीचे आणि प्रशासनाचे साहाय्य

हा अभ्यास शिक्षकाने एकट्याने पार पाडावा, अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. ग्रामपंचायतींनी आणि महानगरपालिकेच्या प्रभागांनी शाळेजवळचा एक पाणवठा निवडून त्याला कठडा, पायऱ्या आणि नामफलक यांची सोय केली, तर मुख्याध्यापकांची सर्वांत मोठी चिंता दूर होईल. शिक्षण विभागाने महिन्यातून एक जोडतास परिसरभेटीसाठी मान्य केला, तर वेळापत्रकाचा प्रश्न सुटेल. शिक्षकांच्या केंद्रपातळीवरील परिषदांत एखादा जाणता शेतकरी किंवा कोळी यांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून ऐकावे. बदलून आलेल्या शिक्षकांना परिसराची ओळख करून देण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

जैविक विविधता अधिनियम २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. शाळांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी तपासून या नोंदवहीत समाविष्ट केल्या, तर मुलांच्या कामाला सार्वजनिक उपयोग मिळेल. आपण मोजलेला आकडा ग्रामसभेत वाचला जातो, हे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सहभाग’ या उद्दिष्टाची व्याख्या पाठ करावी लागणार नाही. विहिरींच्या पातळीची अशी दहा वर्षांची नोंद हाती असेल, तर पंचायतीलाही उपशाविषयीचे आणि पाणवठ्यांविषयीचे निर्णय अधिक आधाराने घेता येतील.

पर्यावरण शिक्षणापुढील अडचणी एका वर्षात दूर होणाऱ्या नाहीत. नागरीकरणाचा वेग शाळेला रोखता येणार नाही आणि तशी अपेक्षाही शाळेकडून करू नये. घर, रस्ता, वीज यांची गरज वसईत आलेल्या प्रत्येक कुटुंबाला आहे. परंतु या भूमीखालचे गोडे पाणी किती पातळ थराने टिकून आहे, हे ज्याला ठाऊक आहे असा नागरिक आणि ज्याला ते ठाऊक नाही असा नागरिक, या दोघांचे निर्णय सारखे असणार नाहीत. आज वर्गात बसलेली मुले आणखी दहा-पंधरा वर्षांनी मतदार, सदस्य, अभियंते आणि घरमालक होतील. उरलेल्या बावखलांचे काय करायचे, हे तेव्हा त्यांनाच ठरवायचे आहे. तोवर ती बावखले त्यांना निदान एकदा दाखविणे आणि त्यांतले पाणी मोजायला शिकविणे, हे आजच्या पिढीचे काम आहे.